भाजणीतली जाळी

आयंडहोव्हन,
१४ सप्टेंबर २०२४

ती. आईंस,
संहिताचा सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी व्हिडिओवर तुमचा गणपती बघितला, पण मानस शेजारी बसला की आपलं खरं बोलणं होतच नाही. म्हणून हे पत्र. लग्न झाल्यावर तुम्हीच अट घातली होती की सुनेने महिन्याला एक पत्र मराठीत लिहायचं, नाहीतर इंदूरला भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये शिकलेली हिंदी हिची सगळी मराठी खाऊन टाकेल. तर घ्या. फक्त मागच्या वेळेसारखं लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नका. मानसने ते फ्रिजवर चिकटवलं होतं.

आमच्या किचनमध्ये पाखरं झाली आहेत. करड्या रंगाची, अगदी बारीक. संध्याकाळी दिवा लावला की छतावर बसलेली दिसतात, आणि चहा गाळायला जावं तर नेमकी त्यातच पडतात. मानसला सांगितलं तर तो म्हणतो मार आणि विषय संपव, आणि परत लॅपटॉपमध्ये. शेजारच्या मारिके आजींनी गोंद लावलेला पुठ्ठ्याचा सापळा दिला. त्यात रोज काही ना काही चिकटतं, पण पाखरं काही संपत नाहीत. त्यांचं म्हणणं, ओट्सच्या नाहीतर अक्रोडाच्या पुड्यातून आली असणार. मी दोन्ही फेकून दिले.

मला धास्ती तुमच्या वस्तूंची आहे. ऑगस्टमध्ये इंदूरहून इकडे परत येणाऱ्या वल्लरीताईंबरोबर तुम्ही भाजणी, दलिया आणि मूग पाठवलेत ना, ते मी दिवाळीसाठी वरच्या फळीवर जपून ठेवलंय. पिशव्यांची सील पण तोडलेली नाही. तिथपर्यंत ही बला पोहोचू नये म्हणून काय करू ते लिहा.

आणि एक बोलायचं होतं. त्या दिवशी मानसने तुमचं घर विकायचा विषय काढला तेव्हा तुम्ही एकदम पैज लावून बसलात, की डिसेंबरात ये, घरातली एक वस्तू जरी अस्ताव्यस्त दिसली तर मी स्वतः बॅग भरून तुझ्याबरोबर निघेन. आई, तो ते सीरियसली घेतोय. तुम्ही बाथरूममध्ये घसरलात तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच आहे. राजेंद्र नगरमध्ये तुम्ही एकट्या, आणि आम्ही इतके दूर. मला माहीत आहे, ते घर सोडून तुम्ही इथे राहू शकणार नाही. म्हणून म्हणते, जरा सांभाळून.

पत्राची वाट बघते. लोभ आहे, तो रागावलात तरी कमी करू नका.

तुमची,
संहिता


इंदूर,
५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. संहितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. या वेळी चुका कमी आहेत. ‘बला’ हा शब्द मी तसाच राहू दिला, कारण त्या पाखरांना तोच शोभतो.

अगं, ओट्स कसले फेकलेस? फेकून किडा जातो होय? सगळं कपाट रिकामं कर. फळ्यांच्या फटी, स्क्रूची भोकं, डब्यांच्या झाकणांची आतली कड, सगळीकडे व्हिनेगरचं फडकं फिरव. अंडी तिथे असतात. डाळींना एरंडेल चोळ, तांदळात लवंगा टाक. खरं औषध कडक ऊन, पण तुमच्या देशात देवाने तेवढंच ठेवलं नाही. मग पीठं चार दिवस फ्रीझरमध्ये ठेव. थंडीने का होईना, मरतील.

माझ्या पिशव्यांची चिंता तू करू नकोस. शाळेतली सर्व्हिस आणि संसार दोन्ही केले, पण माझ्या डब्यात किडा शिरला असं या मोहल्ल्यात कोणी सांगून दाखवावं. अजूनही नवीन सुना मला विचारायला येतात. परवा घटस्थापनेला भगिनी मंडळात माझीच भाजणी गेली होती. सगळ्यांनी तारीफ केली. शेजारची प्रमोदिनी तर वरून एक पिशवी भरून घेऊन गेली.

गहू या वर्षीही एप्रिलमध्येच भरला, छावणीच्या मंडीतून, तुझे सासरे असताना भरायचो तेवढाच. गाडीवाले तुकोजी म्हणाले, वहिनी, एकट्या जिवाला एवढा कशाला? मी म्हटलं, आल्यागेल्याला काय हवा वाढू? कोठी अर्धी ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही.

मानस येऊ दे की डिसेंबरात. मी काय त्याला घाबरते? पोळीचा पहिला घास ज्याला मी भरवला तो आता माझं घर तपासायला येणार, मजा आहे. पैज लावली ती लावली. हे घर मी चालवते आणि चालवेन. तिकडे येऊन काचेच्या खिडकीत बसून बर्फ मोजायचा मला शौक नाही.

अक्षर जरा वाकडंतिकडं झालंय, पेन नवीन आहे. तुझ्या आईला स्नेहलतागंजला फोन केला होता, त्यांची तबियत बरी आहे.

मायेत काही कमी नाही, तुझ्याही नसावं.

आई


आयंडहोव्हन,
२४ ऑक्टोबर २०२४

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहितेय ते पाठवणार आहे.

तुम्ही सांगितलं तसं कपाट पूर्ण रिकामं केलं. फटी पुसल्या, झाकणं उकळत्या पाण्यात घातली. मग वरच्या फळीवरच्या तुमच्या पिशव्या काढल्या, फ्रीझरमध्ये ठेवायला म्हणून. सील जशीच्या तशी होती. तुमच्या हाताने मेणबत्तीवर बंद केलेली ती दुमड मी ओळखते. आतल्या भाजणीला जाळी लागली होती. कोळ्याची असते तशी, पांढरी, पीठ गुंतवून धरलेली. जाळीत इल्ल्या म्हणजे अळ्या होत्या, आणि त्यांनी प्लास्टिकला आतून टाचणीएवढी भोकं पाडली होती. मुगाला भोकं पडलेली, आणि दलियात घुन, खडे आणि काडीकचरा. ताटभर दलिया निवडायला घेतला तर मूठभर घाणच निघाली.

आई, ती पाखरं ओट्समधून आली नाहीत. ती इंदूरहून आली.

मला पाखरांचं काही नाही, ती जातील. पण तुमच्या हातच्या डाळीत कधी खडा लागला नाही. पहिल्या वर्षी तुम्ही मला तांदूळ निवडायला बसवलं होतंत, आणि मी निवडलेल्या ताटातून तुम्ही उभ्या-उभ्या दोन खडे उचलून दाखवलेत, चश्मा न लावता. तेव्हा मी मनात खूप चिडले होते. तीच बाई हा दलिया पिशवीत भरेल? न बघता भरला असंही नाही, तुम्ही न बघता काही करतच नाही. म्हणजे बघितलंत आणि दिसलं नाही.

पेन नवीन आहे म्हणालात. तुमच्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. दोन ठिकाणी कागद संपला तरी अक्षर पुढे गेलंय, अर्धा शब्द टेबलावरच राहिला असेल.

सरळच विचारते, तुम्हाला दिसतंय का नीट?

मानसला मी काही बोललेले नाही. पिशव्या तो ऑफिसला गेल्यावर उघडल्या आणि सगळं बाहेर टाकून आले. त्याला कळलं तर तो डिसेंबरपर्यंत थांबणार पण नाही, आजच दलालाला फोन करेल. पण तुमच्या डोळ्यांचं मी किती दिवस लपवू? तिथे गॅस आहे, गच्चीचा जिना आहे. मला रात्री झोप लागत नाही.

डॉक्टरला दाखवा. एवढंच मागते. रागवा, पण लोभ ठेवा.

संहिता


इंदूर,
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. संहितास,
आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझं पत्र नेमकं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आलं.

माझ्या घरातून किडा गेलेला नाही. विमानात, सामानात, वल्लरीच्या घरी, कुठे काय लागलं असेल ते देव जाणे. तिच्या घरी दोन मांजरं आहेत, आणि ती ओट्यावर झोपतात. मी काही बोलले का?

माझे डोळे माझ्यापाशी आहेत. वय झालं की थोडं धूसर होतं, ते सगळ्यांनाच होतं. मी रोज देवाची वात लावते, स्वयंपाक करते, दूधवाल्याचा हिशेब ठेवते. तू आयंडहोव्हनला बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. कोणाला काय सांगायचं ते तू आणि तुझा नवरा ठरवा, पण माझ्या भाजणीवर बोलण्याआधी एकदा स्वतः भाजून बघ.

भगिनी मंडळातल्या बायका दिवाळीला माझ्याकडून चकलीची भाजणी घेऊन गेल्या. एकीनेही काही म्हटलं नाही. सगळ्यांनी छान झाली म्हणून सांगितलं.

यापुढे मी काही पाठवणार नाही. तुझ्याकडे चांगली दुकानं आहेत.

शारदा


आयंडहोव्हन,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. खाली ‘आई’ नाही, ‘शारदा’ लिहिलंत. मी दिवसभर पत्र हातात घेऊन फिरले.

हे पत्र जाड स्केच पेनने, एका पानावर थोड्याच ओळी, असं मुद्दाम लिहितेय. पानं जास्त लागली, लागू देत.

मी माफी मागणार नाही. जे दिसलं ते लिहिलं. तुम्ही मला सून करून घेतलंत तेव्हा म्हणाल्या होतात की तोंडावर गोड बोलणाऱ्या खूप आहेत, मला घरात खरं बोलणारी हवी. आता मी बोलले तर परकी झाले का?

तुम्ही चिडलात ते भाजणीवरून नाही. डोळ्यांचं कोणी मोठ्याने बोललं की घर जाईल, ही भीती तुम्हाला आहे. मलाही आहे. मी इंदूरला येते ती राजेंद्र नगरला येते. ते घर बंद झालं तर मी कुठे येणार, हॉटेलात? तुम्ही त्या घरात राहावं असं मानसपेक्षा मला जास्त वाटतं. पण अशा राहू नका की एक दिवस शेजाऱ्यांचा फोन येईल.

मानस एकवीस डिसेंबरला तिथे असेल. मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही. त्याने विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही.

तो यायच्या आत डॉक्टरकडे जा. प्रमोदिनीताईंना बरोबर घ्या. मोतीबिंदू असेल तर आजकाल तासाभराचं काम आहे.

तुमचा लोभ हवा आहे. मागून घेतेय.

संहिता


इंदूर,
३ जानेवारी २०२५

चि. सौ. संहितास,
अनेकानेक उत्तम आशीर्वाद.

मानस काल रात्रीच्या विमानाने निघाला, म्हणजे हे पत्र पोहोचेपर्यंत त्याची बाजू तू ऐकलेली असशील. आता माझी ऐक.

तुझं जाड पेनाचं पत्र आलं ते मी दुपारी गॅलरीत बसून वाचलं. वाचून झालं तेव्हा लक्षात आलं की भिंग हातात घेतलंच नव्हतं. मागची तुझी सगळी पत्रं मी भिंगाने, उन्हात धरून, शब्द-शब्द जोडून वाचली होती आणि स्वतःला सांगत होते की पोरीचं अक्षर खराब झालंय. त्या दिवशी मी खूप रडले. मग उठून प्रमोदिनीचं दार वाजवलं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता. डॉक्टर म्हणाले, आजी, इतके दिवस काय करत होता? त्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डाव्याचं मात्र तसं नाही. त्याचा आतला पडदाच खराब झालाय, त्यावर इलाज नाही. तो जेवढा आहे तेवढा राहिला तरी नशीब म्हणायचं. मानसला मी हे सगळं सांगितलंय, तुलाही तेच सांगते, काही झाकलेलं नाही.

पट्टी निघाली आणि मी घरी आले. आधी देवघरात गेले, मग स्वयंपाकघरात. संहिता, माझंच घर मला ओळखू येईना. कोठीच्या खोलीत छताला जाळ्या लोंबत होत्या. ओट्याच्या फरशीवर तेलाचा थर, इतका की नखाने ओरखडा निघाला. गव्हाच्या कोठीचं झाकण उघडलं तर वरचा गहू हलत होता. चार माणसांचा गहू एकटीने भरला, खाणारं कोणी नाही, मग किडे नाही तर कोण खाईल? आणि मी रोज त्यात हात घालून गहू काढत होते, दळून आणत होते, पोळ्या करत होते. 

मग प्रमोदिनीला विचारलं. ती आधी टाळत होती. मी शाळेत पोरींना विचारायची तसं विचारलं, तेव्हा बोलली. मंडळात सगळ्यांना माहीत होतं म्हणे, गेल्या पावसाळ्यापासून. माझी भाजणी घ्यायच्या, छान झाली म्हणायच्या आणि घरी जाऊन गाईला नाहीतर कचऱ्याच्या गाडीला द्यायच्या. ती स्वतःसुद्धा. भांडीवाल्या बाईला माहीत होतं. तुकोजींना माहीत होतं. कोणी बोललं नाही, कारण शारदाबाईंचं मन कशाला दुखवायचं. प्रमोदिनी रडायला लागली आणि म्हणाली की तुम्हाला तुमच्या हातच्या वस्तूंचा किती अभिमान आहे ते आम्हाला ठाऊक आहे. मी तिला चहा करून दिला. चांगली माणसं आहेत सगळी. पण त्या दिवशी मला जितकं एकटं वाटलं तितकं हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यावर प्रमोदिनी म्हणाली की मानस यायला चार दिवस आहेत, दोन बाया लावून सगळं धुऊन टाकू, त्याला काही कळणार नाही. खरं सांगते, मोह झाला. एका डोळ्याने दिसायला लागलंच होतं, घर चकाचक करून पैज जिंकता आली असती. मग मी नको म्हटलं. सगळ्यांनी मला फसवलं ते प्रेमापोटी; आता मी मुलाला फसवलं असतं तर तेही प्रेमापोटीच म्हणाले असते.

मानस आला. मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत, सरळ कोठीच्या खोलीत नेलं आणि कोठीचं झाकण उघडलं. म्हटलं, पैज हरले, बॅग भरून ठेवलीय, बघ. त्याने वरचा गहू मुठीत घेऊन पाहिला. मग शर्टाच्या बाह्या सरसावून डबे उतरवायला लागला. आम्ही मायलेकांनी तीन दिवस तेच केलं. सगळा गहू गेला. मुगाचा, तुरीचा, रव्याचा एकही डबा वाचला नाही. घासताना त्याने विचारलं, संहिताला माहीत होतं का? मी सांगितलं, हो, आणि तिने ज्याला सांगायला हवं होतं त्यालाच सांगितलं. तुझ्यावर तो रागावला तर मला कळव.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, आता चल. मी म्हटलं, शब्द दिलाय, येते. पण आधी माझं ऐकून घे. म्हातारं माणूस एका डोळ्याने घर चालवू शकतं. आजवर कितीतरी बायकांनी चालवलंय. ते चालत नाही ते फक्त सगळे छान-छान म्हणायला लागले की. मला कामाला माणूस नको, मला चूक दाखवणारं माणूस पाहिजे. प्रमोदिनी तेव्हा तिथेच होती. तिला म्हटलं, तू दर शनिवारी येऊन माझे डबे बघायचे आणि किडा दिसला तर माझ्या तोंडावर सांगायचं, नाही सांगितलंस तर आपली बोलचाल बंद. ती भीतभीत हो म्हणाली. उद्या पहिला शनिवार. बघू किती हिंमत आहे. यापुढे गहू महिन्यापुरता, चक्कीवरून पीठच आणायचं, कोठी मी भंगारवाल्याला दिली. मानसला हे पूर्ण पटलेलं नाही. जाताना म्हणाला की बॅग अजून रिकामी करू नकोस. मी नाही केली, पलंगाखाली सरकवली आहे.

तर आता तुझं काम सांगते. तू जून-जुलैत येशील तेव्हा मी तुला थालीपीठ करून वाढेन. वाईट झालं तर वाईट म्हण. माझ्या अक्षरावर बोल, माझ्या चहावर बोल, साडीवर डाग असेल तर सगळ्यांसमोर सांग. मला राग येईल, तो माझा स्वभाव आहे, तू त्याला भीक घालू नकोस. आणि ज्या दिवशी तुझ्यासुद्धा मनात येईल की जाऊ दे, म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवायचं, छान झालंय म्हणून टाकू, त्या दिवशी मला काही सांगू नकोस. मानसला म्हण, आईचं तिकीट काढ. मी का म्हणून विचारणार नाही.

लोभ आहेच. तो असाच तिखट असू दे.

तुझी,
आई